रस्ता कोणाच्या पैशांनी होतो?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या एका वाचिकेने आठवीतल्या मुलीला सायकलने शाळेत पाठवावे का, असे विचारले होते. मी पाठवावे असे लिहिले आणि तिच्या वाटेवरच्या दोन मोठ्या चौकांत सायकलींसाठी वेगळी जागा आखून मागावी, असेही सुचवले. त्या शेवटच्या वाक्यावर आलेली बहुतेक पत्रे मुलीच्या सुरक्षिततेबद्दल नाहीत, पैशांबद्दल आहेत. सार्वजनिक बांधकामाच्या हिशेबाच्या वह्यांमध्ये माझी नोकरीची सारी वर्षे गेली असल्यामुळे हा विषय मला जवळचा आहे, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच पत्रांना देत आहे. जागेअभावी पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मागील वर्षी मी सुमारे नऊ लाखांची मोटार घेतली, तेव्हा आरटीओत कर म्हणून जवळपास एक लाख रुपये भरले. शिवाय पेट्रोलच्या प्रत्येक लिटरवर केंद्राचा आणि राज्याचा कर भरतो, टोल भरतो, विमा काढतो. सायकलवाला यातले काहीही भरत नाही. मग आमच्या पैशांतून झालेल्या रस्त्याची एक पट्टी त्याला का काढून द्यायची? सायकल चालवण्यास माझा विरोध नाही. ज्याने पैसे भरले त्याचा हक्क आधी, एवढेच माझे म्हणणे आहे. — एक वाचक, मनीषनगर

उत्तर : आपण दिलेले आकडे बरोबर आहेत. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल मोटारीवर किमतीच्या ११ टक्के एकरकमी कर लागतो, आणि एवढी रक्कम भरून गाडी बाहेर काढल्यावर पहिल्याच वळणावर चाक खड्ड्यात आदळले, तर कोणाचाही संताप होईल. आपल्या रागाला मी नावे ठेवणार नाही. तो ज्या माणसाकडे वळला आहे, त्या माणसाचा मात्र या हिशेबात दोष नाही, एवढे दाखवण्याचा प्रयत्न करतो.

आपण भरलेला कर महाराष्ट्र मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ खालचा आहे आणि तो राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. संविधानाच्या अनुच्छेद २६६ नुसार राज्याचा बहुतेक सारा महसूल याच एका निधीत येतो आणि तिथूनच शिक्षकांचे पगार, धरणांचे काम, रुग्णालयांची औषधे आणि रस्ते, असा सगळा खर्च विधिमंडळाच्या मंजुरीने होतो. आपला लाख रुपयांचा धनादेश कुठल्या रस्त्यावर गेला, हे वित्त विभागातला सर्वांत हुशार अधिकारीसुद्धा सांगू शकणार नाही, कारण तिथे पोहोचताच तो पैसा इतर पैशांत मिसळून जातो. कर आणि शुल्क यांतला हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच शिरूर मठाच्या प्रकरणात स्पष्ट केला होता : शुल्क हे विशिष्ट सेवेचा मोबदला म्हणून घेतले जाते, तर कर सार्वजनिक कामांसाठी सक्तीने घेतला जातो आणि भरणाऱ्याला त्याच्या बदल्यात ठरावीक वस्तू मागता येत नाही.

आपल्या बाजूने जाणारी गोष्टही सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या आवारात चालणाऱ्या वाहनांच्या प्रकरणात असे म्हटले, की मोटार वाहन कर हा भरपाईच्या स्वरूपाचा आहे. जो सार्वजनिक रस्ते वापरतो त्याने त्या वापराची भरपाई करावी, हे त्यामागचे तत्त्व आहे, आणि म्हणून जे वाहन सार्वजनिक जागी येतच नाही त्यावर हा कर लावता येत नाही. आपल्या म्हणण्याला याहून भक्कम आधार मला सापडला नाही. पण हा आधार कुठपर्यंत पुरतो ते पाहा. मोटार रस्त्यावर आणली तर तिच्या वापराची भरपाई मालकाने द्यावी, एवढे त्यातून निघते. ज्याच्या वाहनाला कायद्याने कर लावलेला नाही त्याचा रस्त्यावरचा हक्क कमी, असे त्यातून निघत नाही. तसे असते तर पायी चालणाऱ्या माणसाला रस्ता ओलांडण्याचाही हक्क उरला नसता.

आता शहरातल्या रस्त्यांकडे येऊ. वर्धा रोड किंवा अमरावती रोड यांसारख्या मोठ्या मार्गांवर केंद्राचा आणि राज्याचा पैसा लागतो हे खरे, पण आपल्या घरापासून त्या मार्गापर्यंत जाणारी गल्ली, तिच्यापुढचा वस्तीतला रस्ता आणि शाळेसमोरचा चौक महानगरपालिका किंवा नागपूर सुधार प्रन्यास करते. मनीषनगर आणि त्यापलीकडच्या भागात ज्यांनी गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेले, भूखंड घेतले, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. प्रन्यासची डिमांड, म्हणजे पैसे भरण्याची नोटीस, आली, विकास शुल्क भरले, भूखंड नियमित झाल्याचे पत्र (आरएल) हातात पडले आणि त्यानंतर कित्येक पावसाळे चिखल तुडवल्यावर घरासमोर डांबर आले. ते शुल्क भूखंडाच्या चौरस फुटांवर भरले जाते. दारात मोटार आहे की सायकल, हे त्यात कोणी विचारत नाही.

महानगरपालिकेचा पैसा प्रामुख्याने दोन वाटांनी येतो. पहिली वाट मालमत्ता कराची. तो घरमालक भरतो आणि भाडेकरू भाड्यातून त्याला हातभार लावतो, म्हणजे सायकलने कामावर जाणारा भाडेकरूसुद्धा. मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात तर पथकराची स्वतंत्र ओळच असते. टोलनाक्याशी त्याचा काही संबंध नाही, तो घरावरचाच कर आहे आणि रस्त्यांच्या कामांसाठी आहे. दुसरी वाट आपण सगळे विसरून गेलो आहोत. पूर्वी नागपुरात येणाऱ्या मालावर जकात होती, १ एप्रिल २०१३ पासून तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तो संपला. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून राज्य सरकार महानगरपालिकेला जे अनुदान देते, त्याच्या मुळाशी साबण, चप्पल, डोक्याचे तेल, मुलाची वही आणि सायकलची ट्यूब घेताना प्रत्येक ग्राहकाने भरलेला कर आहे. इतवारीतून किराणा घेऊन सायकलच्या कॅरिअरवर बांधणारा माणूस आपल्या चौकाच्या सिमेंटमध्ये त्याच्या ऐपतीप्रमाणे भर घालूनच घरी जातो.

‘पैसे भरेल तोच जाईल’ हे तत्त्व जिथे खरोखर लागू आहे असा रस्ताही नागपूरपासूनच सुरू होतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर किलोमीटरच्या हिशेबाने टोल घेतला जातो आणि सायकललाच काय, दुचाकीलाही तिथे प्रवेश नाही. तो रस्ता शुल्काचा आहे आणि त्याचे नियमही तसेच आहेत. आपल्या घरासमोरचा रस्ता त्या जातीचा नाही.

प्रश्न : पण पेट्रोलवर तर रस्त्यांच्या नावानेच उपकर घेतात. तो पैसा तरी वाहनधारकांचाच ना? — एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : या प्रश्नाचा इतिहास मराठी वाचकाने अभिमानाने वाचावा असा आहे. रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्त्यांचा भार प्रांतिक सरकारे आणि स्थानिक मंडळे यांना पेलणारा राहिलेला नाही, तेव्हा पेट्रोलवर जादा कर घेऊन त्याचा स्वतंत्र निधी करावा, असे त्यांच्या समितीने सुचवले आणि १ मार्च १९२९ ला केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. कर होता गॅलनला दोन आणे. म्हणजे वाहनधारकाच्या पैशांतून रस्ते, ही कल्पना आपल्याकडे जवळपास शंभर वर्षांची आहे आणि ती निराधार मुळीच नाही.

मात्र त्या निधीतून होणारे रस्ते फक्त मोटारींसाठी असावेत, असे ती कल्पना राबवणाऱ्यांनी कधीच मानले नाही. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते आपल्याच शहरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा आराखडा केला. तो आजही अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ‘नागपूर आराखडा’ या नावाने शिकवला जातो. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही आज सरकारी फलकांवर दिसणारी विभागणी त्याच बैठकीतली आहे. लागवडीखालच्या प्रदेशातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, अशी त्यांची दृष्टी होती. त्या गावात मोटार किती, हा निकष नव्हता. पुढे केंद्रीय रस्ते निधी अधिनियम, २००० आला तेव्हा डिझेलवरच्या उपकराचा निम्मा वाटा ग्रामीण रस्त्यांसाठी राखला गेला, आणि ज्या खेड्यांत त्या वेळी बैलगाडी आणि सायकल यांखेरीज वाहन नव्हते, तिथे त्या पैशांतून रस्ते पोहोचले. ट्रकवाल्याने भरलेल्या उपकरातून सायकलवाल्याचा रस्ता व्हावा, हे धोरणच होते, आणि माझ्या मते ते या देशाने केलेल्या शहाण्या कामांपैकी एक आहे.

२०१८ पासून या निधीचे नाव ‘केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी’ झाले आणि उपकरही रस्ते व पायाभूत सुविधांचा झाला. त्या कायद्याच्या यादीत आता रेल्वे, पाणीपुरवठा, ऊर्जा, इतकेच काय शिक्षणसंस्था आणि रुग्णालये यांच्या इमारतीही येतात. तेव्हा लिटरमागे आपण जे भरता ते सारे रस्त्यातच जाते, असे आता कायदासुद्धा म्हणत नाही.

ब्रिटनमध्ये हाच वाद अधिक कडवटपणे चालतो म्हणून त्याचाही उल्लेख करतो. तिथे वाहन करातून उभा राहणारा स्वतंत्र रस्ते निधी होता, १९२६ पासून अर्थमंत्री चर्चिल यांनी त्यातला पैसा सामान्य खर्चाकडे वळवायला सुरुवात केली आणि १९३७ मध्ये वाहन कर व रस्ते यांचे नाते अधिकृतपणे संपले. तरीही तिथले मोटारचालक सायकलस्वाराला ‘रोड टॅक्स भर’ असे आजतागायत सुनावतात. जवळपास नव्वद वर्षांपूर्वी संपलेल्या व्यवस्थेच्या जोरावर एखाद्याला रस्त्याच्या कडेला ढकलले जाते, ही मला फार दुःखाची गोष्ट वाटते.

प्रश्न : माझे वडील जिल्ह्याच्या गावी नोकरीला असताना दरवर्षी नगरपालिकेत सायकलचा कर भरून बिल्ला आणत. अंडाकृती पत्र्याचा तो बिल्ला, वर्ष आणि क्रमांक ठोकलेला, हँडलच्या दांडीला तारेने बांधलेला असे. बिल्ला नसला की शिपाई चाकातली हवा सोडून देई. तो कर आता पुन्हा सुरू केला, तर हा वादच मिटणार नाही का? — एक ज्येष्ठ वाचक, महाल

उत्तर : आपले पत्र वाचून माझ्याही हाताला त्या पत्र्याची धार आठवली. लहानपणी आमच्या घरी जुने बिल्ले फेकत नसत; एका डब्यात साठवलेले असत आणि आम्ही मुले ते नाण्यांसारखे खेळायला घेत असू.

कायद्याचे उत्तर असे, की कर लावण्याला अडचण नाही. संविधानाच्या राज्य सूचीतील नोंद ५७ मध्ये यंत्राने चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या अशा दोन्ही वाहनांवरील कराचा अधिकार राज्यांना आहे आणि महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमात कलम १२७ खाली ‘वाहने, होड्या आणि जनावरे’ यांच्यावरील कराची तरतूद आहे. सायकलवर कर नाही तो कायद्यातल्या उणिवेमुळे नव्हे. तो न लावण्याचा निर्णय जाणूनबुजून घेतलेला आहे, आणि तो का बदलू नये ते हिशेबाच्या बाजूने सांगतो.

समजा, वर्षाला सायकलमागे पन्नास रुपये ठरवले. त्यासाठी नोंदवही हवी, बिल्ला छापायला हवा, खिडकीत कारकून हवा, चौकात तपासणारा माणूस हवा, न भरणाऱ्याला नोटीस हवी आणि नोटिशीला टपाल हवे. पन्नास रुपयांतून हे सारे भागवून रस्त्यासाठी काही उरेल, असे मला नोकरीतल्या अनुभवावरून अजिबात वाटत नाही. आणि तो घ्यायचा कोणाकडून? २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती आणि मोटार पाच टक्क्यांहूनही कमी घरांत होती. सायकल हे मोठ्या प्रमाणावर त्या घरांचे वाहन आहे, जिथे पन्नास रुपये म्हणजे एका वेळची भाजी आणि तेल असते. चाकातली हवा सोडलेली ती सायकल ढकलत कोणाला तरी उन्हातून घरी न्यावी लागली असेल, हेही आपल्या पत्रातूनच मला दिसले. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. सरकारने ही वस्तू स्वस्त करायची ठरवली असताना नगराने तिच्यावर बिल्ला बांधणे सुसंगत होणार नाही.

वाद मिटण्याबद्दल म्हणाल, तर बिल्ला लावलेल्या सायकलला मोटारचालक वाट देईल, यावर माझा विश्वास नाही. दुचाकीवाले कर भरतात, त्यांना तरी कुठे देतात?

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. सायकलमुळे रस्त्याची झीज किती होते, हे आकड्यांत सांगता येईल का? मित्रांशी यावरून रोज वाद होतो. — एक विद्यार्थी, अंबाझरी मार्ग

उत्तर : अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर निरनिराळ्या वजनांचे ट्रक दिवसरात्र फिरवून जी चाचणी झाली, तिच्यातून असे दिसले, की रस्त्याचे नुकसान आसावरच्या (अ‍ॅक्सलवरच्या) भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला तर नुकसान सोळापट होते. आता सायकल आणि स्वार मिळून ८० किलो, म्हणजे एका आसावर ४० धरा, आणि माणसांसह मोटार १२०० किलो, म्हणजे एका आसावर ६०० धरा. भार पंधरापट झाला आणि पंधराचा चौथा घात ५०,६२५ येतो. हा नियम जड आसांवरच्या प्रयोगांतून आला असल्यामुळे एवढ्या हलक्या वाहनांना तो काटेकोरपणे लावणे बरोबर नाही; आकडा दिशादर्शक समजावा.

परंतु त्याच गणिताने मोटार आणि ट्रक यांची तुलना केलीत, तर आपल्या मित्रांनाही आश्चर्य वाटेल. दहा टनांच्या आसासमोर मोटारीचा ६०० किलोंचा आस जवळपास नगण्य ठरतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-३७ या संहितेनुसार डांबरी रस्त्याची जाडी ठरवताना तीन टन आणि त्याहून अधिक वजनाची व्यापारी वाहनेच मोजली जातात. आपल्या वडिलांची मोटार आणि आपली सायकल, दोन्ही त्या हिशेबात एकाच रांगेत, म्हणजे हिशेबाबाहेर, उभ्या असतात. रस्ता फोडतो तो जादा भरलेला ट्रक, आणि त्याहूनही अधिक डांबराखाली साचलेले पाणी.

मोटारीचा खरा खर्च जागेचा आहे. अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागेत एक मोटार उभी राहते, तेवढ्यात दहा सायकली सहज मावतात. धरमपेठेत किंवा सीताबर्डीत सायंकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या गाड्या पाहा आणि मधोमध उरलेली वाट पावलांनी मोजा. शहराने लाखो रुपये घालून केलेल्या रुंदीचा केवढा भाग उभ्या गाड्यांखाली झाकला जातो, हे मित्रांना तिथे उभे राहून दाखवा. कागदावरच्या चौथ्या घातापेक्षा ते लवकर पटेल.

प्रश्न : मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. तिला एकरकमी कर लागला नाही आणि पेट्रोलही लागत नाही. म्हणजे मीही फुकटच रस्ता वापरते का? — एक वाचिका, खामला

उत्तर : नाही. धूर कमी व्हावा म्हणून राज्याने ती सवलत दिली आहे. पण आपल्या प्रश्नामुळे एक गोष्ट उघड होते, तिच्याबद्दल आपले आभार मानतो. आपल्या स्कूटरला चौकात कोणी ‘कर भरला नाही, कडेने जा’ असे म्हणत नाही. सायकलवाल्याला म्हणतात. मग मुद्दा कराचा आहे, की त्याच्या वाहनावरून त्याची किंमत ठरवण्याचा आहे?

प्रश्न : मी हिंगणा एमआयडीसीत फिटर आहे. रोज येऊन-जाऊन बावीस किलोमीटर सायकल चालवतो. परवा सिग्नलवर एका मोटारीची काच खाली झाली आणि आतले गृहस्थ म्हणाले, “कडेनं चाला ना जी काका, रोडचा टॅक्स आमी भरतो.” मी काही बोललो नाही, पण कडेने चालणे कसे शक्य आहे ते त्यांनी एकदा पाहावे. माझा रस्त्यावर हक्क आहे की नाही? — एक वाचक, जयताळा

उत्तर : भाऊ, आपला हक्क पूर्ण आहे. सायकल हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ खालचे मोटार वाहन नाही, त्यामुळे तिला नोंदणी, परवाना आणि मोटार वाहन कर लागत नाही. जे कायद्याने मागितलेलेच नाही, ते न भरल्याचा ठपका आपल्यावर येऊ शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने या अधिनियमात कलम १३८ (१क) आले, ज्याने पादचारी आणि बिनयांत्रिक वाहने यांच्या रस्त्यावरील वावराबाबत नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश राज्यांना दिले. म्हणजे आपल्यासाठी रस्त्यावर व्यवस्था करणे, हे आता कोणाच्या मेहरबानीवर सोडलेले काम नाही.

आपण लिहिलेली कडेची गोष्ट मी स्वतः जाऊन पाहिली. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्याची पाटी संपते, तिथे बाजूची जमीन चार बोटे, कुठे कुठे वीतभर खाली आहे. त्या खाचेत पुढे गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवले आहेत, पण ते सिमेंटच्या पातळीला मिळवलेले नाहीत आणि मधे चाकाएवढी फट राहिली आहे. मागून हॉर्न वाजला म्हणून सायकल डावीकडे घेतली, की पुढचे चाक त्या फटीत शिरते आणि माणूस उजवीकडे, म्हणजे नेमका मोटारीपुढे पडतो. त्यापलीकडे बसलेले चेंबर, त्याच्या झाकणाभोवती साचलेली रेती, आणि मग उभ्या गाड्या. मी अर्धा किलोमीटर चाललो, तेवढ्यात ‘कडेने’ म्हणावे अशी सलग शंभर फूट जागाही मला मिळाली नाही. आपण सिमेंटच्या काठापासून हातभर आत चालवता, तेच योग्य आहे. मात्र संध्याकाळी परतताना मागे लाल दिवा किंवा निदान चमकणारी पट्टी असू द्या आणि वळसा वाचवण्यासाठी उलट्या दिशेने कधीही येऊ नका; या दोन बाबतींत सायकलस्वारांची चूक मी वारंवार पाहतो आणि तीच त्यांच्या जिवावर बेतते.

आता आपल्याला आणि मनीषनगरच्या त्या वाहनधारक वाचकांना मिळून एक काम सुचवतो, कारण त्यांचा खड्डा आणि आपली फट एकाच कंत्राटातून आलेली असू शकते. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून महानगरपालिकेच्या आपल्या झोनमध्ये अर्ज करा. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. त्या एका रस्त्याबद्दल चार गोष्टी मागा : कामाचे अंदाजपत्रक, पैसा ज्या लेखाशीर्षातून, म्हणजे हिशेबातल्या ज्या खात्यातून, गेला ते लेखाशीर्ष, मोजमाप पुस्तिकेच्या, म्हणजे झालेले काम मोजून नोंदवलेल्या वहीच्या, प्रती आणि दोषदायित्वाचा कालावधी कधी संपतो ती तारीख. लेखाशीर्ष पाहिल्यावर रस्ता कोणाच्या पैशांतून झाला, हे त्या गृहस्थांना कागदावरच दाखवता येईल. मोजमाप पुस्तिकेत कडेच्या भरावाची आणि गट्टूंची नोंद शोधा. काम मोजले असेल आणि जागेवर दिसत नसेल, तर तेवढाच मुद्दा लेखी तक्रारीत घ्या. दोषदायित्वाचा कालावधी बाकी असेल, तर कंत्राटदाराने ती कड स्वतःच्या खर्चाने नीट करून देणे बंधनकारक असते, आणि ती तारीख उलटून गेली की तेच काम पुन्हा आपल्या सर्वांच्या पैशांतून करावे लागते. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पहिले अपील त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे करा. मिळालेल्या कागदांच्या प्रती या सदराकडे पाठवल्यास त्यांतले आकडे वाचून दाखवण्याचे काम मी आनंदाने करीन.